मला ऐकू आलं नाही

सोलापूर, रविवार, ता. ८ जानेवारी १९२८

चिरंजीव गुंडा यास थोरला बंधू सिदू याचे अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम जाणून आपले क्षेम लिहीत जावे. विशेष.

वरच्या दोन ओळी आबासाहेबांच्या. त्यांनी फळ्यावर लिहिल्या आणि आम्ही वीस जणांनी उतरवून घेतल्या, त्यामुळं आज वीस गावांना एकच क्षेम जाणार आहे. इथून खाली मात्र सगळं माझ्या हातचं. तुझा भाऊ लिहायला शिकला, गुंड्या. हस काय हसायचं ते. मागांवर मुकादमी करणारा जॉबर असून पाटीवर अक्षरं गिरवतो म्हणून साळखात्यातले विणकरही हसतात, पण माझ्या पाठीमागं.

आबासाहेब म्हणजे आमच्या गिरणीच्या कचेरीतले कारकून. दर रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात वर्ग घेतात. निम्मा वेळ लिहिणं, निम्मा वेळ बोलणं. एकेकानं उठायचं, समोरच्या माणसांकडं बघायचं आणि आपल्या कामाबद्दल चार शब्द बोलायचे, तेही शिवी न देता. ही शेवटची अट माझ्यामुळं घातली असं ऐकतो.

मला वर्गाला धाडलं ते मास्तरांनी, म्हणजे आमच्या खात्याच्या साहेबांनी. पाडव्याला नवा हेड जॉबर नेमायचा आहे. मास्तर म्हणाले, "सिदू, तुझे साचे कधी बंद नसतात, ही तुझी जमेची बाजू. पण तू माणसांशी मेंढरांशी बोलावं तसं बोलतोस. बोलायला शीक." मी मनात म्हटलं, साहेब, तुम्ही कधी मेंढरं राखली नाहीत. मेंढराशी आम्ही असं बोलत नाही. पहिल्या रविवारी उभा राहिलो, तर तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. तसाच खाली बसलो.

आता तुझ्याबद्दल. दिवाळीच्या आधी तू गेलास तो मला न सांगता गेलास. घोंगडं खांद्यावर टाकलंस आणि चाललास. नोकरी गेली म्हणून जग बुडत नाही. माणसानं उमेद सोडू नये, पडलं तरी उठावं, चार माणसांत मिसळावं, असं आबासाहेब सांगतात आणि मीही सांगतो. इथं बसून तुला हे सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मला कळतं. तरी थोरल्या भावानं सांगायचं नाही तर कुणी?

नरसय्याच्या डोळ्याचं मलाही वाईट वाटतं. शिवशरण गुरुजी, तुम्ही हे पत्र वाचून दाखवताय म्हणून तुमच्यासाठी लिहितो. साचा म्हणजे माग. त्यात धोटा नावाचं लोखंडी टोकाचं लाकूड सूत घेऊन इकडून तिकडं पळतं. त्याला मार देणाऱ्या दांडीची चामडी वादी तुटली की धोटा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. गुंड्याच्या साच्याची वादी तुटली आणि समोरच्या साच्यावर नरसय्या होता. कचेरीत मास्तरांनी मला विचारलं, "वादी विरल्याचं गुंडानं तुला सांगितलं होतं का?" मी म्हटलं, त्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. दोनशे साच्यांच्या धडधडाटात कुणाला काय ऐकू येणार?

आईला दंडवत. तुझी वहिनी म्हाळसा बरी आहे. उत्तर धाडावं.

तुझा दादा,
सिदू


सोलापूर, रविवार, ता. २९ जानेवारी १९२८

चिरंजीव गुंडा यास आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझा कागद नाही. पण काल आपल्या वस्तीवरची केराबाई घोंगड्या विकायला आली होती, ती घरी येऊन गेली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण ऐकल्यापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"सिदू, तुज्या भावाचं लगीन मोडलं की. पोरीचा बाप म्हनला, ज्याच्या हातनं मानसाचा डोळा गेला त्याच्या घरात मी लेक देत न्हाय."

मी विचारलं, गुंड्या काय म्हणाला?

"त्यो काय म्हननार? मेंढरं घिऊन माळावर गेला. तुजी आय मातुर लई रडली. मला म्हनली, सिदूला इचार, माजा गुंडा आसा हाय का?"

केराबाईला मी काही उत्तर दिलं नाही. म्हाळसानं तिला भाकरी वाढली, आणि वाढताना माझ्याकडं असं बघितलं की मी उठून बाहेर गेलो.

गुरुजी, तुम्ही पत्र शाळेच्या कट्ट्यावर वाचता आणि निम्मा गाव ऐकायला जमतो, हे मला ठाऊक आहे. इथून पुढचं तिथं वाचू नका. गुंड्याला एकट्याला बाजूला घ्या.

गुंड्या, माझ्या मागच्या पत्रातली एक गोष्ट तुला ठाऊक आहे आणि गुरुजींना नाही. साळखात्यात कानानं कुणी ऐकतच नाही. तिथं सगळे एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलणं समजून घेतात. या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराला घरी काय कालवण केलंय ते विचारतो आणि उत्तर मिळवतो. तू नवीन आलास तेव्हा मीच तुला ते शिकवलं. मास्तरांना ओठ वाचता येत नाहीत, ते कचेरीत काचेआड बसतात. म्हणून "ऐकू आलं नाही" म्हटल्यावर त्यांना ते पटलं.

त्या दिवशी तुझे ओठ हलताना मी पाहिले होते. एवढं कबूल करतो. पण मी घाईत होतो, आणि मला वाटलं, तू लग्नाच्या रजेचं काहीतरी बोलतोयस. माणसाची चूक होते की नाही? यापेक्षा जास्त काही नाही.

सिदू


सोलापूर, रविवार, ता. १९ फेब्रुवारी १९२८

गुंड्या,

आबासाहेबांच्या ओळी आज लिहीत नाही. त्या लिहिल्या की पुढचं सगळं खोटं लिहायला सोपं जातं.

गेल्या रविवारी वर्गात मी बोललो. शब्द फुटले. आबासाहेब म्हणाले, "सिदू, तुझ्या हाताला जे ठाऊक आहे ते सांग, बाकी काही नको." मग मी साच्याबद्दल बोललो. धोटा कसा पळतो, सूत तुटलं की न बघता बोटाला कसं कळतं. लोक मन लावून ऐकत होते. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं, वासरांत लंगडी गाय शहाणी तशी गत. मग म्हटलं, आणि धोट्याला मार देणारी जी वादी असते... आणि तिथं मी थांबलो, तो थांबलोच. आबासाहेबांनी वाट बघितली. शेवटी म्हणाले, "हरकत नाही, पुढच्या वेळी." मी घरी आलो.

घरी म्हाळसा म्हणाली, "तुमी भावाला येवडं कागद लिवताय, त्यात खरं किती हाय?"

मी म्हटलं, तुला कुठं वाचता येतंय?

"मला वाचता येत न्हाय. पर लिवताना तुमी मान खाली घालताय, ती कागद टपालात पडला तरी वर येत न्हाय."

तिच्यावर हात उगारला, गुंड्या. मारलं नाही, पण उगारला. ती हलली नाही. तेव्हा मला कळलं की आता माझ्यापाशी लपायला जागा उरलेली नाही.

गुरुजी, हेही पत्र त्याला एकट्याला वाचा.

लग्नाच्या रजेचं तू काही बोलत नव्हतास. तू म्हणालास, "दादा, वादी तुटंल, साचा बंद कर." सकाळी एकदा म्हणालास. जेवणाच्या सुट्टीआधी एकदा. आणि दुपारी तू हात वर करून मला थांबवलंस आणि लहान पोराला सांगावं तसे ओठ सावकाश हलवलेस. तिन्ही वेळा मला अक्षर न् अक्षर दिसलं. साचा बंद ठेवला की पाटीवर नोंद होते, आणि ज्याचे साचे कमी बंद त्याला हेड जॉबरची जागा, हे मला आतून कळलं होतं. म्हणून तिसऱ्या वेळी मी तुझ्याकडं पाठ फिरवली. पाठ फिरवली की साळखात्यात माणूस बहिरा होतो.

मग नरसय्या खाली बसला, दोन्ही हात तोंडावर. तो ओरडला असेल. ते मात्र मला खरंच ऐकू आलं नाही.

कचेरीत मास्तरांनी तुला विचारलं, "तू जॉबरला सांगितलंस का?" तू माझ्याकडं बघितलंस आणि गप्प राहिलास. का गप्प राहिलास रे? एक शब्द बोलला असतास तर मी तिथंच उघडा पडलो असतो. तू थोरल्या भावाची लाज राखलीस, असं मी तेव्हा मनाला समजावलं आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते आहे.

सिदू


सोलापूर, रविवार, ता. २५ मार्च १९२८

गुंड्या,

गुरुजींचं कार्ड आलं. तीनच ओळी आहेत. "तुमची पत्रे सांगितल्याप्रमाणे गुंडा यास एकट्यास वाचून दाखवली. तो काही बोलला नाही. खोटे चारचौघांत बोललात, खरे कानात सांगून भागेल काय?"

हे कार्ड मी आठ दिवस अंगरख्याच्या खिशात घेऊन फिरलो. शिवशरण गुरुजी, तुमचा रागही आला. शाळामास्तराला गिरणीतलं काय कळतं, असंही म्हणून झालं. मग पाडव्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी मला बोलावलं. टेबलावर हेड जॉबरचा कागद होता, फक्त सही व्हायची होती. ते म्हणाले, "आबासाहेब सांगतात, तू आता बरा बोलतोस."

मी म्हटलं, साहेब, मग ऐका. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आबासाहेबांनी शिकवलं तसं, समोर बघून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये खोकला न काढता. गुंड्यानं तीनदा सांगितलं, मला दिसलं, मी साचा बंद केला नाही, नरसय्याचा डोळा माझ्यामुळं गेला.

मास्तरांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. "हे दिवाळीआधी का बोलला नाहीस?"

मी म्हटलं, तेव्हा मला बोलता येत नव्हतं, साहेब. म्हणजे ओरडता येत होतं.

त्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं. माझ्याच अक्षरात. तुझ्या नावावरचा दोष काढून टाकला आणि म्हणाले, भाऊ परत आला तर त्याला साचे मिळतील. माझी जॉबरकी गेली. गिरणीतून काढलं नाही, बदलीवर ठेवलंय. कुणी गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर काम, नाही तर घरी.

पण कचेरीत चारच भिंती होत्या. म्हणून मी तिथून सरळ साळखात्यात गेलो. सगळे साचे चालू होते. सकाळपर्यंत मी ते बंद करायला सांगू शकत होतो, आता तो हक्क उरला नव्हता. मधल्या वाटेत सुताची एक रिकामी पेटी होती, तिच्यावर उभा राहिलो आणि हात वर केला. एकानं बघितलं, त्यानं दुसऱ्याला खुणावलं. सगळं खातं बघायला लागेपर्यंत मी तसाच उभा होतो. मग मी बोललो. आवाज काढलाच नाही, गुंड्या. काढून उपयोग काय? नुसते ओठ सावकाश हलवले. "गुंड्यानं सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. मला दिसलं होतं. मी खोटं बोललो."

दोनशे साचे धडधडत होते आणि माझं बोलणं शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलं. कुणी कामावरचा हात काढला नाही. काहींनी मान हलवली. नवल मात्र एकालाही वाटलं नाही, आणि ते मला फार लागलं. त्या दिवशी तुझे ओठ मी एकट्यानंच पाहिले नव्हते. सगळ्यांना सगळं माहीत होतं. जॉबरच्या भीतीनं पाच महिने सगळं खातं माझं खोटं सांभाळून बसलं होतं.

गुरुजी, आता हे पत्र एकट्याला वाचू नका. येत्या कातरणीला सगळ्या वस्त्यांवरची माणसं एकमेकांची मेंढरं कातरायला जमतील. ज्यानं सोयरीक मोडली तोही त्याची कातर घेऊन येईल. त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. मधेच कुणी बोललं तर थांबा आणि ती ओळ पुन्हा वाचा.

आईला सांगा, तिनं जे विचारलं होतं त्याचं उत्तर हे आहे. तिचा गुंडा तसा नाही. तिचा सिदू तसा आहे.

सिदू


वस्तीवरून, ता. २६ एप्रिल १९२८

रा. रा. सिदू यांस. गुंडा सांगतो तसे अक्षरशः उतरवीत आहे, त्यात माझा शब्द नाही. – शिवशरण

दादा,

कातरनीला समदी जमली हुती. गुरुजींनी मोट्यानं वाचलं. आय तितंच हुती. रडली न्हाय. वाचून झाल्यावर उटली आन समद्यास्नी ताक वाडलं. पोरीच्या बापानं कातर खाली ठिवली आन माज्याकडं बगून हात जोडलं. त्यो काल पुन्यांदा घरी आलता. लगनाचं आय बगंल.

मला राग हाय. गेला न्हाय आजून, उगं खोटं कशाला सांगू? तू पयल्या कागदात लिवलंस, उमेद सोडू नगं, पडलं तरी उटावं. ते आयकून मी गुरुजींस्नी म्हनलं, फाडा त्यो कागद. त्येंनी फाडला न्हाय. तू तितं हेड जॉबर व्हायला बोलायला शिकतुयास आन मला हितं उटायला सांगतुयास. मला कुनी पाडलं हुतं, दादा?

कचेरीत मी गप ऱ्हायलो ते तुजी लाज राकायला न्हाय. तुज्याकडं बगितलं, तुजं डोळं कोरडं हुतं. मला काय बोलायचं तेच सुचंना. आपला सिदूदादा आसा कसा, येवडंच मनात आलं.

आता तू बोललास ते बरं केलंस. खात्यात पेटीवर हुबा ऱ्हायलास, ते आयकताना माज्या आंगावर काटा आला, व्हय, ते बी सांगतो. पर तुजं चार कागद आलं. चारींत मी हाय, तू हाईस, मास्तर हाय, वैनी हाय. नरसय्याकडं गेलतास का? ते कुटंच न्हाय. मी दोनदा वाचून घेतलं, न्हाय घावलं.

डोळा माजा गेला न्हाय, दादा. माजं नाव गेलं हुतं, ते आलं. त्येचं काय येनार हाय?

आदी त्येच्याकडं जा. मग मला लिव.

गुंडा


सोलापूर, रविवार, ता. ६ मे १९२८

गुंड्या,

गेलो होतो.

खरं सांगतो, दिवाळीपासून मी साखर पेठेतल्या त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. बाजाराला जायचं तर लांबच्या रस्त्यानं जायचो. तुझ्यासमोर, मास्तरांसमोर, सगळ्या खात्यासमोर बोललो आणि मला वाटलं की झालं. ज्याचं गेलं त्याला सोडून सगळ्या जगाला सांगून आलो. तू लिहिलंस तेव्हा कळलं.

म्हाळसा गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आली. म्हणाली, "आता तुमचं तुमी जावा."

नरसय्या घरीच होता. गिरणीत आता त्याला काम नाही. ओसरीवर बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होता. त्याच्या बायकोनं मला ओळखलं, तेलुगूत त्याला काहीतरी सांगितलं आणि आत निघून गेली. तो म्हणाला, "ये, सिदू." मला वाटलं होतं, शिव्या देईल. मी त्याच तयारीनं गेलो होतो.

दारापाशी जागा होती तिथं, त्याच्या डाव्या अंगाला मी बसलो आणि बोलायला सुरुवात केली. वर्गात, कचेरीत जे सांगितलं होतं तेच सांगत होतो, त्यामुळं शब्द अडत नव्हते. पण तो काही माझ्याकडं बघेना. चरखा फिरवतोय आणि नजर सुतावर. मी म्हटलं, गुंड्यानं तीनदा सांगितलं होतं. त्याचा हात तसाच फिरत राहिला. मी म्हटलं, नरसय्या, मी खोटं बोललो. तरी काही नाही. मला वाटलं, याला माझं ऐकायचंच नाही, आणि का ऐकावं त्यानं? मी उठायला लागलो.

तेव्हा माझी हालचाल त्याला कळली. त्यानं चरखा थांबवला, सगळी मान वळवून उरलेल्या उजव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. वीस वर्षं साळखात्यात काढलेला माणूस, गुंड्या. कान कधीच गेलेत त्याचे. घरातही ओठ बघूनच ऐकतो.

"काय बोलत हुतास व्हय?" तो म्हणाला. "हिकडं ये, ह्या अंगाला बस. तितनं तुजं त्वांड दिसत न्हाय मला."

मी उठलो, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

सिदू